जर्नलमधे भूत पोझिशन उघडी दिसते? क्रिप्टो फ्युचर्सची फाईल टाकताना दर महिन्याला होणारी गडबड

आधी लक्षण सांगतो, तुमचं तेच असेल तर पुढं वाचा, नाहीतर उगं वेळ घालवू नका. महिना संपला, एक्स्चेंजवरनं फ्युचर्सच्या (कॉईन हातात न घेता त्याच्या भावावर होणाऱ्या सौद्यांच्या) ट्रेडची सीएसव्ही (साधी टेक्स्ट फाईल) काढली, ट्रेडिंग जर्नलमधे (सौद्यांची नोंद ठेवणाऱ्या ॲपमधे) इम्पोर्ट केली, हिरवी टिक आली, आणि बघतो तर जर्नल म्हणतंय तुमच्या दोन-तीन पोझिशन (चालू सौदे) अजून उघड्याच आहेत. एक्स्चेंजवर जाऊन बघितलं तर तिथं सगळं साफ, एक पोझिशन नाही. वर नफा-तोट्याचा आकडाही जुळत नाही, एक्स्चेंज म्हणतंय महिन्यात चार हजार सुटले आणि जर्नल म्हणतंय नऊ हजार गेले. सगळं डिलीट करून परत टाकलं तरी तेच, पुढच्या महिन्यात परत तेच. आम्ही मित्रमंडळी याला भूत पोझिशन म्हणतो.

मी सोलापूरचा, अक्कलकोट रोडला एमआयडीसीत घरचा टॉवेल-चादरीचा धंदा, ट्रेडिंग म्हणजे रात्री शटर ओढल्यावर जे काय दोन तास मिळतात तेवढंच. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर तिन्ही महिने हे भूत माझ्या मानगुटीवर होतं. मी काय करायचो तर जे सगळेच करतात ते, भूत पोझिशन हाताने क्लोज दाखवायची, भाव अंदाजे टाकायचा आणि मोकळं व्हायचं. हे अजिबात करू नका. एकदा हाताने खोटी ओळ घातली की पुढच्या इम्पोर्टला ती खऱ्या ओळीशी भांडते आणि मग नेमकं कुठं बिघडलंय ते तुम्हालाच कळत नाही. शेजारच्या गाळ्यातला मित्र बघून म्हणायचा, काय करलालास बे, चादरी विक की, हे काय रोज रात्री आकडे जुळवत बसतोस.

सापडलं ते जानेवारीत, आणि हुशारीमुळं नाही, गड्ड्यामुळं. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, होम मैदानावर गड्डा (जत्रा) भरलेला, घरात पाहुणे, दुकानात गिऱ्हाईक, त्यामुळं ट्रेडच कमी झाले. फाईल काढली तर फक्त 31 ओळी. एरवी चारशेच्या आसपास असतात, तेवढ्या कोण हाताने तपासत बसणार, पण 31 वहीत उतरवता येतात. आणि त्यातच लक्षात आलं की इम्पोर्ट झाल्यावर जर्नल खाली बारीक अक्षरात एक ओळ दाखवतं जी मी तीन महिने न वाचताच बंद करत होतो. वाचल्या 31, घेतल्या 28, डुप्लिकेट म्हणून सोडल्या 3. आता मी फाईल एकदाच टाकलेली, जुना डेटा साफ केलेला, मग डुप्लिकेट आल्या कुठनं?

वहीत उतरवल्यावर कळलं की सोडलेल्या तिन्ही ओळी अशा ऑर्डरींच्या होत्या ज्या एका दमात भरल्या नव्हत्या. मी 0.05 बिटकॉइन विकायची ऑर्डर टाकलेली, ती 0.020, 0.018 आणि 0.012 अशा तीन तुकड्यात भरली. जर्नलने पहिला 0.020 घेतला आणि बाकीचे दोन डुप्लिकेट समजून फेकले. म्हणजे त्याच्या हिशोबात खरेदी 0.05, विक्री 0.020, उरले 0.030, आणि हेच ते भूत. तिसरी ओळ इथेरियमच्या एका ऑर्डरीतली होती, तिथं दुसरं भूत.

पण तुकडे डुप्लिकेट का वाटले? जर्नल प्रत्येक ओळ तिच्या ट्रेड आयडीवरनं ओळखतं, एकच आयडी दोनदा आला की दुसरी ओळ टाकून देतं, आणि ते बरोबरच आहे. माझ्या एक्स्चेंजचे आयडी 19 आकडी. मी काय करायचो, फाईल डाऊनलोड झाली की डबल क्लिक, एक्सेलमधे उघडायची, जरा नजर फिरवायची. आयडीच्या कॉलममधे 1.87ई+18 असलं काहीतरी दिसायचं, ते काय बरं दिसत नाही म्हणून कॉलम नंबर फॉरमॅटला करायचो, दशांश शून्य, आकडे पूर्ण दिसायला लागले की समाधान, सेव्ह, आणि मग इम्पोर्ट. इथंच मेलो. एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले 15 आकडेच जपतं, पुढचे सगळे शून्य करून टाकतं. म्हणजे 1873264509871203341, 1873264509871203342 आणि 1873264509871203345 हे तीन वेगळे आयडी एक्सेलमधनं बाहेर पडताना तिन्ही 1873264509871200000 झाले. एकाच ऑर्डरीचे तुकडे एकाच क्षणी भरतात म्हणून त्यांचे आयडी लागून लागून असतात, आणि नेमके तेच एकमेकांवर चढतात. वेगवेगळ्या वेळचे ट्रेड सुखरूप राहतात, म्हणून तर तीन महिने शंका आली नाही. सगळंच्या सगळं बिघडलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

ज्यांनी फॉरमॅट न बदलता ई+18 तसंच ठेवून सेव्ह केलं त्यांचं तर अजून वाईट, कारण सीएसव्ही सेव्ह करताना जे डोळ्याला दिसतंय तेच फाईलमधे जातं, म्हणजे आयडीचे सहाएक आकडेच उरतात आणि निम्मी फाईल डुप्लिकेट ठरते. पुण्यात राहणाऱ्या माझ्या मावसभावाचं तसंच झालेलं, चारशे ओळीतल्या चाळीस पण आत गेल्या नव्हत्या, आणि तो जर्नललाच शिव्या घालत बसलेला.

उपाय सरळ आहे पण मन घट्ट करायला लागतं. डाऊनलोड केलेली फाईल एक्सेलमधे उघडायचीच नाही. उघडली तरी सेव्ह करायची नाही, बंद करताना विचारलं की नको म्हणायचं. नुसतं बघायचं असेल तर नोटपॅडमधे बघा, दिसायला गिचमिड दिसतं पण खरं दिसतं. जी फाईल एकदा सेव्ह झाली तिच्यातले आयडी परत येत नाहीत, कॉलम टेक्स्ट करा नाहीतर काहीही करा, शून्य झालेले आकडे गेले ते गेले, एक्स्चेंजवरनं नवीन काढावी लागते. मी आता "मूळ" नावाचा एक फोल्डर केलाय, त्यातल्या फाईली रीड ओन्ली, हात लावायचा नाही. सीएलाही हीच मूळ फाईल लागते, जर्नलचा रंगीत ग्राफ बघून तो काय करणार.

कधी कधी मात्र फाईल एडिट करायलाच लागते, म्हणजे जर्नलला कॉलमची नावं वेगळी पाहिजेत किंवा वरच्या तीन ओळीत खात्याची माहिती भरलेली असते ती काढायची असते. तेव्हा डबल क्लिक न करता कोरी शीट उघडून डेटा टॅबमधनं फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही घ्या, आणि डेटा टाइप डिटेक्शनमधे डू नॉट डिटेक्ट डेटा टाइप्स निवडा, म्हणजे सगळं टेक्स्ट म्हणून आत येतं आणि तसंच बाहेर जातं. गूगल शीट्समधे इम्पोर्ट करताना खाली एक टिक असते, टेक्स्टचं नंबर, तारीख आणि फॉर्म्युल्यात रूपांतर करा अशा अर्थाची, ती काढून टाका. एवढं केलं की निम्मी भुतं पळतात.

उरलेली निम्मी तारखेची. याच डबल क्लिकचा दुसरा प्रताप बघा. मूळ फाईलमधे वेळ असते 2025-01-05 22:14:37 अशी, सेकंदासकट. दुकानातला पीसी इंग्लिश इंडियावर सेट आहे, त्यामुळं एक्सेल ती 05-01-2025 22:14 करून टाकतं, सेव्ह केलं की सेकंद गायब. आता तुम्ही एकाच मिनिटात आत-बाहेर केलं असेल, स्काल्पिंगवाले (मिनिटा-मिनिटाला सौदे करणारे) तर करतातच, तर खरेदी आणि विक्री दोन्हीची वेळ एकच. जर्नलने विक्रीची ओळ आधी धरली की त्याच्या दृष्टीने तुम्ही शॉर्ट मारला (आधी विकलं) आणि मग कव्हर केला (परत घेऊन बंद केला). नफा-तोटा कदाचित तेवढाच येईल पण लाँगचा (आधी घेऊन मग विकण्याचा) शॉर्ट झाला, आणि जर्नल ठेवायचंच कशाला तर आपण लाँगमधे कमावतो का शॉर्टमधे ते कळायला. मी आयुष्यात सोलानामधे शॉर्ट घेतला नाही आणि जर्नल मला सांगत होतं की सोलाना शॉर्टमधे तुमचा विन रेट फार छान आहे.

दिवस-महिना उलटण्याचा प्रकार तर सगळ्यांना माहितीये, 5 मार्चचा 3 मे होतो. तो ओळखायची खूण अशी की एक्सेलमधे काही तारखा उजवीकडं चिकटलेल्या आणि काही डावीकडं चिकटलेल्या दिसतात. उजवीकडच्या तारखा एक्सेलने आपल्या मनाने फिरवल्या, डावीकडच्या 13 तारखेपासूनच्या म्हणजे महिना म्हणून बसल्याच नाहीत, त्या टेक्स्ट म्हणून राहिल्या. असं अर्धं-अर्धं दिसलं की ती फाईल कचऱ्यात टाका. काही एक्स्चेंज तारीख न देता 13 आकडी संख्या देतात, 1704067200000 असली. ती 1970 पासूनची मिलिसेकंद असतात, तिला 86400000 ने भागा, 25569 मिळवा आणि सेलला डेट-टाइम फॉरमॅट द्या, ही यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ झाली. आपली वेळ पाहिजे तर अजून 5.5 भागिले 24 मिळवा. वरची संख्या म्हणजे 1 जानेवारी 2024, यूटीसी मध्यरात्र, आपल्याकडं पहाटेचे साडेपाच. संख्या 10 आकडी असेल तर ते नुसते सेकंद आहेत, मग 86400 ने भागायचं.

आता यूटीसीचा विषय निघालाच आहे तर नीट सांगतो, कारण इथं मी सगळ्यात जास्त चुकलोय. एक्स्चेंजची फाईल बहुतेक वेळा यूटीसीत असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. स्क्रीनवर मात्र ॲप आपली वेळ दाखवतं. म्हणून मी 1 मार्चला रात्री 2 वाजून 10 मिनिटांनी जे विकलं ते फाईलमधे 28 फेब्रुवारी 20:40 ला दिसतं. ही ओळ मार्चच्या फाईलमधे शोधत बसलात तर सापडणारच नाही. आणि त्यात भर म्हणजे जर्नलमधे टाइम झोनचं सेटिंग असतं, फाईल आधीच आपल्या वेळेत असेल आणि जर्नलने ती यूटीसी समजली तर तो परत साडेपाच तास मिळवतो. मग संध्याकाळचे ट्रेड दुसऱ्या दिवशी पहाटेचे होतात, आणि रिपोर्ट सांगतो की तुम्ही पहाटे तीनला ट्रेड करून पैसे घालवता, झोपा. मी झोपलेलोच असतो की.

हे तपासायला मी एक युक्ती काढलीये, घड्याळ म्हणून फंडिंग (लाँग आणि शॉर्टवाल्यांत ठरावीक वेळी होणारी देवघेव) वापरायचं. परपेच्युअलला (मुदत नसलेल्या फ्युचर्सला) बहुतेक कॉन्ट्रॅक्टमधे दर आठ तासांनी फंडिंग कापतात किंवा देतात, यूटीसी 00:00, 08:00 आणि 16:00 ला. आपल्या सोलापुरात ते पहाटे 5:30, दुपारी 1:30 आणि रात्री 9:30. दुपारी दीड म्हणजे आमची जेवायची वेळ, भाकरी आणि शेंगाचटणी पुढ्यात आली की मोबाईल वाजतो, त्यामुळं हे पाठच झालंय. आता जर्नलमधे फंडिंगच्या ओळी बघा. 5:30, 13:30, 21:30 ला असतील तर वेळ बरोबर. 0, 8, 16 ला असतील तर जर्नल यूटीसीच दाखवतंय, चालेल, पण मग रिपोर्ट वाचताना लक्षात ठेवा. 11:00, 19:00 आणि 3:00 ला दिसल्या तर साडेपाच तास दोनदा मिळवलेत. 18:30, 2:30, 10:30 दिसलं तर उलटं वजा केलंय. काही कॉन्ट्रॅक्टला चार तासाने किंवा तासाला फंडिंग असतं, तेव्हा ही युक्ती बिटकॉइन-इथेरियमच्या आठ तासवाल्या ओळींवरच लावा.

एवढं सगळं दुरुस्त करून मी डिसेंबरची फाईल नव्याने काढून टाकली. वाचल्या 402, घेतल्या 402. खूश. आणि तरी एक भूत शिल्लक! इथेरियमचा शॉर्ट, उघडा. डोकं धरून बसलो. आमच्या दुकानात दिवाणजी काका आहेत, वडलांच्या वेळेपासूनचे, टॅली आलं तरी रोजमेळ वहीतच लिहितात आणि महिन्याच्या शेवटी टॅलीला चूक काढून दाखवतात. त्यांना क्रिप्टो काय माहीत नाही आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नाही. त्यांनी चष्मा वर केला, कागद बघितला आणि म्हणाले, "मालक, यात आरंभीची शिल्लक कुठाय?"

झालं. नोव्हेंबरच्या 29 ला मी इथेरियम घेतलं होतं आणि डिसेंबरच्या 2 ला विकलं होतं. डिसेंबरच्या फाईलमधे पहिली इथेरियमची ओळ विक्रीची. जर्नलला मागचं काय माहीत, त्याच्यासमोर कोरं पान, त्याने बघितलं विक्री आली, म्हणजे शॉर्ट उघडला. पुढं मी घेतलं की त्याला वाटतं शॉर्ट कव्हर केला, मी विकलं की परत शॉर्ट. अख्खा महिना एक घर सरकलेला, आणि शेवटी तेवढाच माल उघडा. "काका, पहिल्या तारखेला माझ्याकडं माल होता," म्हटलं. "मग लिहा की तो आधी," म्हणाले आणि परत आपल्या वहीत तोंड घातलं.

यावर दोन रस्ते आहेत. एक म्हणजे इम्पोर्ट अशा दिवसापासून सुरू करा ज्या दिवशी तुमची एकही पोझिशन नव्हती, महिन्याची पहिली तारीख पकडायचा हट्ट सोडा. दुसरं म्हणजे जर्नलमधे हाताने एक आरंभीची ओळ घाला, जेवढा माल हातात होता तेवढा, एक्स्चेंजने दाखवलेल्या सरासरी भावाने, तारीख आदल्या दिवसाची, फी शून्य, आणि नोटमधे स्पष्ट लिहा की ही आरंभीची शिल्लक आहे. वर म्हटलं ना हाताने ओळ घालू नका, ते अंदाजपंचे क्लोज करण्याबद्दल होतं, ही ओळ वेगळी, हिला पुरावा आहे. मी पहिला रस्ता घेतो, आणि दर महिन्याला मागच्या महिन्याचे पाच दिवस जास्तीचे काढतो. ते परत येतात, जर्नल त्यांना डुप्लिकेट म्हणून सोडतं, आणि आता ते खरोखरच डुप्लिकेट असतात. अर्थात आयडी शाबूत असतील तरच हे चालतं, नाहीतर पाच दिवसांचे ट्रेड दुप्पट होऊन बसतील.

एपीआयने (फाईल न काढता जर्नल थेट एक्स्चेंजला) जोडणाऱ्यांना वाटतं आपली यातनं सुटका. आयडी-तारखेची होते, शिलकीची होत नाही, कारण एपीआयलाही मर्यादा असते. बायनान्स एक्स्चेंजच्या यूएसडी-एम फ्युचर्समधे ट्रेडची यादी मागताना एका वेळी 7 दिवसांपेक्षा जास्त काळ मागता येत नाही आणि एका हाकेला जास्तीत जास्त 1000 ओळी येतात. जर्नलने तुकडे पाडून नीट मागितलं तर ठीक, नाहीतर मधला आठवडाच गायब. आणि एपीआय की बनवताना फक्त रीडची परवानगी द्या, ट्रेड आणि विड्रॉवलची टिक चुकून पण नको.

कोणती फाईल काढायची यातही लोक गोंधळतात, तेवढं पटकन सांगतो. ऑर्डर हिस्टरी नको, त्यात कॅन्सल झालेल्या ऑर्डरी पण असतात आणि भाव सरासरीचा असतो. पोझिशन हिस्टरी दिसायला सोपी पण तिच्यात तुकडे नसतात. जर्नलला पाहिजे ट्रेड हिस्टरी, म्हणजे प्रत्येक फिलची (भरलेल्या तुकड्याची) ओळ. आणि तिच्यासोबत ट्रान्झॅक्शन हिस्टरी, म्हणजे खातेउतारा, कारण फंडिंग ट्रेडच्या फाईलमधे येतच नाही. हेज मोड चालू असेल, म्हणजे एकाच कॉईनमधे लाँग आणि शॉर्ट दोन्ही ठेवत असाल, तर पोझिशन साइडचा कॉलम मॅप केलाय (जर्नलच्या कॉलमशी जोडलाय) का बघा, नाहीतर जर्नल दोघांची वजाबाकी करून टाकतं.

भुतं गेल्यावर आकड्यांचा फरक उरतो. यात मी एक गोष्ट शिकलो, नुसती वजाबाकी करू नका, भागाकार करा. जर्नलचा आकडा भागिले एक्स्चेंजचा आकडा, चार-पाच ट्रेडसाठी. उत्तर बरोबर 1000 किंवा 100 आलं तर गोष्ट लॉटची (एका कॉन्ट्रॅक्टमधे किती कॉईन याची) आहे. ओकेएक्सवर बिटकॉइन-यूएसडीटी परपेच्युअलचा 1 कॉन्ट्रॅक्ट म्हणजे 0.01 बिटकॉइन, कूकॉइनवर 0.001. फाईलमधे 5 लिहिलंय ते 5 बिटकॉइन नव्हेत रे बाबांनो. उत्तर सगळ्या ओळींना जवळपास सारखंच येतंय आणि ते डॉलरच्या भावाच्या आसपास आहे, तर भाव डॉलरमधे आणि नफा रुपयात अशी खिचडी झालीये, रुपयात मार्जिन (सौद्याची अनामत) ठेवणाऱ्यांना हे होतंच, जर्नलचं बेस चलन बघा. उत्तर 2 आलं तर फाईल दोनदा गेलीये. उत्तर उणे 1 आलं तर बाय-सेल उलटं मॅप झालंय.

आणि उत्तर दरवेळी वेगळंच, पण फरक थोडाथोडा, तर फी बघा. आपल्याकडच्या एक्स्चेंजवर ट्रेडिंग फीवर 18 टक्के जीएसटी लागतो, आणि तो कधी फीच्याच कॉलममधे मिसळलेला असतो, कधी वेगळ्या कॉलममधे, कधी फक्त खातेउताऱ्यात. समजा चार लाखाचा सौदा, टेकर फी (लगेच भरणाऱ्या ऑर्डरीची फी) 0.05 टक्के, म्हणजे 200 रुपये, वर 36 जीएसटी. येऊन-जाऊन 472. जर्नलने 400 धरले तर प्रत्येक ट्रेडला 72 चा फरक, महिन्यात पन्नास ट्रेड झाले की 3600. मला वाटायचं किरकोळ फरक आहे, सोडून द्या. फरकाला फीने भागून बघा, 0.18 आलं की चोर सापडला. फी दुसऱ्याच कॉईनमधे कापत असेल तर ती त्या कॉईनच्या त्या वेळच्या भावाने बदलायला लागते. आणि फीचं चिन्ह बघा, काही फाईलीत फी उणे लिहितात, जर्नलने ती परत वजा केली की उणे उणे अधिक, फी भरून कमाई!

कॉईन मार्जिनवाले कॉन्ट्रॅक्ट घेत असाल तर जर्नल ते ओळखतं का ते आधी विचारा. त्यात कॉन्ट्रॅक्ट डॉलरमधे असतो आणि नफा कॉईनमधे. 100 डॉलरचे 10 कॉन्ट्रॅक्ट, 50,000 ला घेतले, 55,000 ला विकले, तर हिशोब असा की 1000 भागिले 50,000 वजा 1000 भागिले 55,000, म्हणजे 0.00182 बिटकॉइन, साधारण 100 डॉलर. साध्या पद्धतीने जर्नलने केलं तर 10 गुणिले 5000, पन्नास हजार डॉलर नफा. माझ्या एका मित्राच्या जर्नलने खरंच असा आकडा दाखवलेला, त्याने स्क्रीनशॉट काढून बायकोला पाठवला, पुढचं काय सांगू.

एक फरक मात्र चूक नसतो, त्याच्या मागं लागू नका. एक्स्चेंज सरासरी भावाने हिशोब करतं, काही जर्नल आधी घेतलेला माल आधी विकला असं धरतात. एक 100 ला घेतला, एक 120 ला, मग एक 115 ला विकला. सरासरीने 5 नफा, दुसऱ्या पद्धतीने 15. उरलेला 118 ला विकला तर सरासरीने 8 नफा, दुसरीकडं 2 तोटा. दोन्हीकडं बेरीज 13 च. पोझिशन पूर्ण बंद झाल्यावर बेरीज जुळत असेल तर सेटिंग बदला किंवा सोडून द्या. मी यावर एक अख्खा रविवार घालवलाय.

शेवटी मेळ घालायचा तो वॉलेटवरनं, काकांच्या पद्धतीने. आरंभीची वॉलेट शिल्लक, अधिक आत आलेले पैसे, वजा बाहेर गेलेले, अधिक-उणे रिअलाइज्ड (बंद झालेल्या सौद्यांचा) नफा-तोटा, वजा फी आणि जीएसटी, अधिक-उणे फंडिंग, बरोबर अखेरची वॉलेट शिल्लक. वॉलेट म्हणजे वॉलेटच, चालू पोझिशनचा कागदी नफा धरून जो मोठा आकडा दिसतो तो घेऊ नका. लिक्विडेशन झालं असेल (मार्जिन संपलं म्हणून एक्स्चेंजने पोझिशन बंद केली असेल) तर त्याची ओळ वेगळ्या नावाने असते, बोनस मिळाला असेल तर तो पण उताऱ्यातच असतो, दोन्ही जर्नल बऱ्याचदा ओळखत नाही आणि गुपचूप सोडतं.

फेब्रुवारीची फाईल मी परवा टाकली. मूळ फोल्डरमधनं थेट, जानेवारीच्या शेवटच्या पाच दिवसांसकट. वाचल्या 226, घेतल्या 214, डुप्लिकेट 12, आणि त्या 12 मी वहीत बघून घेतल्या, सगळ्या जानेवारीच्या. उघडी पोझिशन जर्नलमधे एक, एक्स्चेंजवरही तीच एक. वॉलेटच्या मेळात 38 रुपयांचा फरक येत होता. काका म्हणाले अडतीस तर अडतीस, शोधा. तासाभराने सापडला, 1 मार्चला पहाटे साडेपाचला कापलेलं फंडिंग होतं ते, मी अखेरची शिल्लक सकाळी उठल्यावर बघून लिहिलेली आणि ओळ मात्र यूटीसीच्या हिशोबाने मार्चमधे गेलेली. आता शिल्लक स्क्रीनवरनं घेत नाही, खातेउताऱ्यात प्रत्येक ओळीपुढं जी शिल्लक असते तिच्यातली महिन्याची शेवटची घेतो. अडतीस रुपये पेन्सिलीने मार्चच्या पानावर लिहून ठेवलेत.